पाय आणि पाया

वळवाच्या वाऱ्यात आमच्या गोठ्याचे पत्रे उडाले. म्हणून सुट्टीत आठ खांबांसाठी गोल खड्डे काढले. सिव्हिलचा पोरगा घरात असताना हिशोब दुसरं कोण करणार! सिमेंट उरलं तर पावसाळ्यात दगड होतं, कमी पडलं तर खड्डा अर्धवट राहतो. आणि पैसे दुधाचे.

व्यास ३० सेंमी, खोली ९०. पाय भागिले चार, गुणिले व्यासाचा वर्ग, गुणिले खोली. आठ खड्ड्यांचे ०.५१ घनमीटर. कोरडा माल १.५४ पट, प्रमाण १:१.५:३. म्हणजे सिमेंट चार पोत्यांच्या जरा वर.

मिस्त्रीकाका म्हणाले, "गोल-बिल सोड, चौकोन धर." चौकोन धरला की २७ टक्के वाढतात! आण्णांच्या कपाळाला आठ्या. मी सरळ खड्ड्यांना टेप लावला. पहारीपुढे मुरूम थोडाच कंपासमध्ये फुटतो? व्यास भरला ३४. आता ३४ च्या वर्तुळाचं आणि ३० च्या चौकोनाचं क्षेत्रफळ काढून बघा, जवळपास सारखंच येतं. काकांनी पाय कधी शिकलेला नाही बरं का!

हिशोब सव्वापाच पोत्यांवर गेला. आण्णांनी सहा आणली. उरलेल्यात गव्हाणीचा फुटका कोपरा बुजवला.