धूळ बसल्यावर

राजुरात इंजिन उघडायचं तर पाऊस पडून गेल्यावरच. इथली धूळ दोन रंगांची. कोळसा खाणीचा, पांढरी भुकटी चुनाभट्ट्यांची. मे महिन्यात दोरीवरच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळी धूळ दिसते आणि काळ्या छत्रीवर पांढरी. खरं तर कोळसा मऊ, चुनाही मऊ. इंजिनला खातो तो त्यांच्यात मिसळलेला रस्त्यावरचा मुरूम. वणीकडे जाणाऱ्या ट्रकांच्या चाकांखाली तो दळून पिठासारखा होतो आणि वाट सापडेल तिथून आत शिरतो. म्हणून होळीपासून गाडी धूर मारत होती तरी मी श्रावणापर्यंत तिला हात लावला नाही. ऑईल घालत राहिलो, भर पावसाची वाट पाहिली.

गाडी हिरो होंडा स्प्लेंडर, 2006 सालची. तिला सगळे शंभर सीसी म्हणतात, खरा आकडा 97.2. पिस्टनचा बोअर 50 मिलिमीटर, आतला प्रवास 49.5. हेच मोजमाप 1985 च्या सीडी 100 चं. आडव्या सिलिंडरचं हे घराणं 1958 साली जपानात निघालेल्या सुपर कबपर्यंत मागे जातं. आमच्या भागात शेताच्या बांधापासून खाणीच्या गेटपर्यंत माणसं याच इंजिनावर फिरली. हे इंजिन घरी खोलता येतं आणि घरीच बसवता येतं, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

खोलल्यावर दोष सापडला. फिल्टरच्या डब्यापासून कार्बोरेटरपर्यंत जाणारी रबरी नळी खालच्या बाजूने, नजर पोचत नाही तिथे चिरली होती. फिल्टर मी दर महिन्याला झटकत होतो आणि इंजिन त्या चिरेतून राजूरचा रस्ता ओढत होतं. रिंगा झिजल्या, बोअरला उभे ओरखडे पडले. मग वणीला लेथवर बोअर मारून आणला, पाव मिलिमीटर ओव्हरसाइज. तो कारागीर आधी नवा पिस्टन हातात घेतो, मायक्रोमीटरने मोजतो, मगच बोअरला हात घालतो. पिस्टन न आणता नुसता सिलिंडर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तो परत पाठवतो. मला हे फार पटतं.

बसवायला घेतलं ते पोळ्याच्या आदल्या दिवशी. ओसरीत पाट, पाटावर धुतलेलं सुती कापड, कापडावर इंजिन. शेजारी पुठ्ठा. खोलताना मी कव्हरचा आकार पुठ्ठ्यावर काढतो, भोकं पाडतो आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचतो. हे बोल्ट दिसायला भावंडं, लांबीला वेगळे. लांबाच्या जागी आखूड बसला तर दोन आटे धरतो आणि पुढे सुटतो; आखुडाच्या जागी लांब गेला तर खाली टेकतो, आणि माणसाला वाटतं कव्हर आवळलं गेलं.

मी खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. सव्वीस वर्षं पंपांचे आणि कन्व्हेयरचे बोल्ट आवळले. तिथे पाना कमी पडला तर त्याला पाइप लावतात. ते बळ हाताच्या सवयीत उतरतं, घरी आल्यावर उतरवून ठेवता येत नाही. पूर्वी एकदा याच जातीच्या इंजिनाचा हेड नट मी त्या हाताने आवळला. तो घट्ट होत गेला, मग एकाएकी हलका झाला. तो हलकेपणा मनगटात अजून आहे. क्रँककेसमधले ॲल्युमिनियमचे आटे स्टडबरोबर उपटून आले होते. गाडी शेजाऱ्याची होती. त्यानंतर पहिल्या पगारात टॉर्क पाना घेतला. ठरलेल्या ताणाला तो ‘टक’ करतो, आणि तिथे थांबायचं असतं. एवढं थांबणं शिकायला मला चाळिशी उलटावी लागली.

क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून मगच पिस्टन घेतला. पिस्टनच्या माथ्यावर ‘आयएन’ लिहिलेलं असतं. ती बाजू इनटेककडे, म्हणजे या इंजिनात वर. गजन पिनला ऑईल लावून ती अंगठ्याने सरकवली. मग लॉक. ही तारेची इवलीशी कडी खाचेत बसवताना चिमट्यातून निसटते, आणि खाली फडकं नसेल तर सरळ क्रँकच्या पोटात जाते. जुनं लॉक मी परत वापरत नाही. नवं बसलं की पेचकसाच्या टोकाने गोल फिरवून बघतो. खाचेत बसलेलं लॉक गुळगुळीत फिरतं. त्याची दोन टोकं पिस्टनच्या कापाशी येऊ न देता बाजूला ठेवतो.

रिंगा आधी एकेक करून बोअरमध्ये ठेवून, पिस्टनने सरळ ढकलून, त्यांच्या तोंडातली फट फीलर गेजने मोजली होती. आता त्यांची तोंडं एकमेकींपासून दूर, तीन दिशांना केली. यापुढचं काम एकट्याचं नाही. पिस्टनवरून सिलिंडर सरकवताना रिंगा चारी बाजूंनी दाबून धराव्या लागतात आणि माझी बोटं तिथे मावत नाहीत. मुलीला हाक मारली. ती बारावीत आहे. नखं कापून, हात धुऊन बसली. तिने रिंग दाबली, मी सिलिंडर पुढे रेटला. अडला. मी जरा जोर केला तशी म्हणाली, “बाबा, ढकलता कायले? थांबा, इकडून निसटली आहे.”

तिच्या बोटाला कळलं होतं, माझ्या तळहाताला नव्हतं. आणखी जोर केला असता तर ओतीव लोखंडाची ती रिंग कटकन मोडली असती. तिने पुन्हा दाबली, मी सिलिंडर नुसता धरून ठेवला. एक रिंग आत गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. आवाज असा झालाच नाही. ऑईल लावलेली वस्तू आपल्या जागी जाते तेव्हा हवा थोडी सुस्कारते, तेवढंच.

टायमिंग चेन तारेने वर ओढून ठेवली होती. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण केसिंगच्या खुणेशी आणली, वरच्या मोठ्या स्प्रॉकेटवरचा ‘ओ’ हेडच्या खाचेसमोर. क्रँक दोनदा फिरते तेव्हा कॅम एकदा, म्हणजे वरचा एक दात चुकला की वाल्वचं सगळं वेळापत्रक सरकतं. अशी गाडी चालू होते, हेच वाईट. ती ओढत नाही, तापते, आणि माणूस कार्बोरेटरला दोष देत बसतो. मी मॅग्नेटच्या नटाला गोटी पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे देतो. कुठे कठीण लागलं तर तिथेच थांबतो. खुणा पुन्हा समोरासमोर आल्या. तरी आणखी दोन फेरे दिले, मुलीच्या हाताने.

एव्हाना दिवेलागण झाली होती. समोरच्या अंगणात बैलांचे खांदे हळद-तुपाने मळून शेकत होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेली ती जागा म्हातारा तळहाताने हळूहळू चोळत होता. हेडचे चार नट राहिले होते. ते तिरके, आलटून पालटून, तीन टप्प्यांत आवळायचे असतात. एका बाजूने आवळले तर हेड वाकतं. त्यातल्या एकाखाली तांब्याचा वॉशर, कारण त्या स्टडवाटे ऑईल वर चढतं. डोळे थकले होते. इंजिनावर धुतलेलं कापड घालून उठलो.

ते नट पोळ्याच्या सकाळी लावले. चारदा टक. टॅपेटची फट धरली, ऑईल भरलं. खोललेल्या कोरड्या इंजिनाला ते नेहमीपेक्षा जास्त लागतं. स्पार्क प्लग काढून वीसेक किका मारल्या, ऑईल कॅमपर्यंत चढलेलं पाहिलं. मग प्लग लावला. मुलीच्या तिसऱ्या किकला गाडी लागली. थोडा धूर आला, तो हातांच्या ऑईलचा. तो जळून गेला आणि सायलेन्सरपाशी धरलेला पांढरा कागद पांढराच राहिला.

नव्या रिंगा बोअरशी जुळेपर्यंत गाडी हळू चालवायची. चार दिवसांनी, पाऊस उघडल्यावर, मी वणीला निघालो, नवी नळी घातलेली गाडी घेऊन. वाटेत कोळशाचा ट्रक पुढे आला. पाऊस थांबून दोनच दिवस झाले होते, तरी त्याच्या मागे ढग उठू लागला होता. मी कडेला बाभळीखाली गाडी घेतली, इंजिन बंद केलं आणि धूळ बसेपर्यंत उभा राहिलो.