सोळा आणे, चोवीस बिट

निवृत्तीनंतर माणसाने काय करू नये याची एक यादी पेन्शनच्या कागदांबरोबरच द्यायला हवी, आणि तिच्यात 'यंत्र विकत घेऊ नये' हे पहिले कलम असावे. मला अशी यादी कोणी दिली नाही. त्यामुळे बँकेतून सुटल्यावर पहिल्याच वर्षी मी आवाज मुद्रित करण्याचे एक खिशात मावणारे यंत्र घेतले आणि लातुरात आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात, भजनी मंडळाच्या बुवांसमोर ते धरून बसलो.

बुवा आडतीवर मुनीम होते. दिवसभर सोयाबीन-तुरीचे कट्टे मोजायचे आणि रात्री देवळात तार सप्तकात असा एक सूर लावायचे की बाहेरचा चहावाला उकळत्या चहाकडे बघायचे विसरायचा. आमच्या गल्लीत तेवढाच वेळ चहा उतू जाई.

त्या रात्री बुवांनी तो सूर लावला. माझ्या यंत्रावर आवाज कमी-जास्त करायचे एक चाक होते. पैसे मोजलेत तर माल पुरता वापरायचा, या हिशोबाने मी ते पार टोकाला नेऊन ठेवले होते. एक तांबडा दिवा सारखा लुकलुकत होता. मला वाटले, यंत्रसुद्धा तल्लीन झाले!

घरी येऊन ऐकले, तर बाकी सगळे ठीक, नेमका तो सूर फाटलेला. पत्र्यावर वाळू ओतावी तसा. आमची ही म्हणाली, "फोटोत माणसांची डोकी कापता, आता सूर कापायला लागलात."

या गोष्टीला सात वर्षे झाली. बुवा अठ्ठ्याहत्तरचे झाले, गळा थकला, आणि तो फाटका सूर मला रात्री-बेरात्री टोचू लागला. अशात कुणीतरी सांगितले, 'सोळा बिट जुने झाले, आता चोवीस बिट. आवाज एकदम सुधारतो.' मी तत्काळ नांदेडच्या भाच्याला फोन लावला. त्याचा तिथे दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे. निवडणुकीत प्रचाराची गाणी, एरवी भजने.

"अरे, माझ्या त्या सोळाचे चोवीस करून दे. काय पैसे होतील ते देतो."

"मामा, काय बोलू लालाव तुम्ही? सोळाचं चोवीस होतंय की. पुढं नुसती आठ शून्यं लागतात. पासबुकात एक रुपयाच्या जागी एक रुपया शून्य पैसे लिहिलं तर व्याज वाढतंय का?"

बत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हे ऐकावे लागले. शेवटी तोच म्हणाला, "बुवांनाच घेऊन या."

मग एके दिवशी एस.टी.ने चाकूर, अहमदपूर, लोहा करत आमची दिंडी निघाली. मी, बुवा, पखवाजवाले आणि पखवाज. खिडकीची जागा पखवाजाला मिळाली.

स्टुडिओत आधी भाच्याने माझी शिकवणी घेतली. सीडीत आवाजाचे माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेले असते. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हापासून. प्रत्येक माप एका पट्टीवर, जवळच्या खुणेला धरून लिहायचे. सोळा बिटांच्या पट्टीवर खुणा ६५,५३६. चोवीस बिटांच्या पट्टीवर १,६७,७७,२१६.

"म्हणजे दोनशे छप्पन्नपट चांगला आवाज!" मी उभाच राहिलो.

"बसा मामा. पट्टी तेवढीच उंच राहते. छत तेच, तळघर खोल. एका बिटाला साधारण सहा डेसिबल. सोळाला शहाण्णव, चोवीसला एकशे चव्वेचाळीस. पण हे वाढतंय ते शांततेच्या बाजूला. तुमच्या देवळात पंखा, रिक्षा, आरतीला आलेली पोरं; त्या गोंगाटाच्या खाली बारीक खुणा करून मोजायचं काय?"

"कट्टा सोनाराच्या काट्यावर ठेवल्यासारखं," इतका वेळ गप्प बसलेले बुवा म्हणाले.

मला आमच्या जुन्या कॅसेटी आठवल्या. त्यांची ऐपत, बिटांत मांडली तर, जेमतेम नऊ-दहाची. तेवढ्यात आम्ही भीमसेन ऐकले आणि डोळे पुसले. आमच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात; चोवीस केले असते तर तुरीचा भाव वाढला असता थोडाच!

"मग तू कामून चोवीस वापरतोस?" मी मराठवाड्यावर आलो.

"दोन कारणं. एक, खाली जागा लई असल्यानं छतापासून लांब राहून आवाज घेता येतो. गाणारा अचानक उसळला तरी डोकं आपटत नाही. तुम्ही तर सोळातसुद्धा चाक निम्म्यावर ठेवलं असतं तरी भागलं असतं." इथे मी छताकडे पाहिले. "दुसरं, मिक्सिंग. मिक्सिंग म्हणजे हिशोब. पखवाज खाली घे, गळा वर काढ, टाळ बाजूला सार. प्रत्येक वेळी गुणाकार, आणि प्रत्येक वेळी उरलेला अपूर्णांक तोडावा लागतो."

आता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. व्याजाच्या प्रत्येक नोंदीला पैसे तोडून रुपये केले, तर शंभराव्या नोंदीला ताळा जमत नाही, आणि मग मॅनेजर घरी जाऊ देत नाही. म्हणून पैसे शेवटपर्यंत सांभाळायचे आणि एकदाच पूर्णांक करायचा.

"अगदी तेच! आत बत्तीस बिटांत हिशोब करायचा, शेवटी एकदाच सोळावर आणायचं. आणताना चिमूटभर खरखर मुद्दाम टाकायची, म्हणजे तोडलेल्या अपूर्णांकाचा खोट सुराला चिकटत नाही. पण मामा, माईकातूनच फाटून आलेलं कोणत्याच बिटाला शिवता येत नाही."

थोडे मुद्रण करून त्याने तेच दोनदा ऐकवले. एकदा सोळात, एकदा चोवीसात. ओळखायचे. मी डोळे मिटून, मान डोलावून, दुसऱ्याकडे बोट दाखवले. काय ती खोली, काय ती गोलाई! अर्थात, दुसरे सोळाचे होते.

बुवांना विचारले. ते म्हणाले, "दोन्हींत पखवाज उतरलाय."

पखवाजवाल्यांनी हातोडीने चार ठोके दिले, कणीक ओली केली, पुन्हा घेतले, आणि फरक मलासुद्धा कळला. त्या दिवशी आवाज खरोखर सुधारला तो एवढाच, आणि तो कणकेने.

मग मुख्य भजन. बुवा चढत गेले. तो सूर जवळ आला. बुवांनी त्याच्याकडे एकदा पाहिले, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून म्हाताऱ्या माणसाने परत फिरावे तसे हलकेच खाली आले. खोलीत पंखा नव्हता, रिक्षा नव्हती. चोवीस बिटांना प्रथमच काम मिळाले: सुराच्या अलीकडे बुवांनी घेतलेला श्वास शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू आला.

कोणी काही बोलले नाही. भाचा उगाच तारा गुंडाळू लागला.

"तुमचं ते जुनं लावा," बुवा म्हणाले.

माझी लाज मोठ्या स्पीकरवर लागली. पंखा, पोरे, आणि तो फाटलेला सूर. बुवांनी डोळे मिटून ऐकले.

"फाटलाय," ते म्हणाले. "पण लागलाय. मंडळाला हेच द्या."

आता आमच्या मंडळाच्या पेनड्राइव्हवर तेच आहे. सोळा बिट, पंख्यासकट.

परतताना लोह्याच्या पुढे बुवा एकदम म्हणाले, "पावणं, मी लहान असताना सोळा आण्यांचा रुपया होता. भाच्याला सांगा, चोवीस आणे पाडले तरी रुपया रुपयाच राहतो."

मी मान डोलावली. यंत्र खिशात होते. चाक निम्म्यावर. ते तिथवर आणायला मला सात वर्षे लागली.