ओला चमचा

खानदेश म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी उभ्या राहतात: केळी आणि ऊन. यांतली केळी त्याला आवडतात आणि उन्हाची धास्ती वाटते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो. सकाळी घातलेले पापड दुपारी कडकडीत होतात, आणि लुगड्याचे दुसरे टोक दोरीवर टाकेपर्यंत पहिले वाळलेले असते. अशा मुलखात मोटारीला बुरशी आली असे मी सांगितले, तर पुण्यामुंबईची माणसे हसतील. कोकणातली माणसे तर रागावतील, कारण बुरशी हा त्यांचा वडिलोपार्जित हक्क! पण पहूरला, आमच्या दारातल्या कडूलिंबाखाली उभ्या असलेल्या मोटारीला गेल्या श्रावणात बुरशी आली, आणि तीही चांगली हिरवी, मखमली.

तसे पाहिले तर पहूर अगदीच रखरखीत नाही. पाठीशी अजिंठ्याचे डोंगर आहेत. त्यांतून वाघूर नदी उतरते आणि लेण्यांना वळसा घालून आमच्याकडे येते. पावसाळ्यात त्या डोंगरांवर ढग अडकले की तीन-तीन दिवस झड लागते. मग एक दिवस लख्ख ऊन, आणि पुन्हा झड. कपाशीला हे मानवत नाही, माणसाला मानवत नाही. बुरशीला मात्र फार मानवते.

बुरशीचे बी कुठून आणावे लागत नाही. तिचे बीजाणू हवेत सदैव तरंगत असतात. तुमच्याआमच्या दिवाणखान्यातही आहेत. त्यांना हवी असते ओल, थोडी ऊब, थोडे खाणे आणि पुष्कळ निवांतपणा. काचा बंद करून उभ्या केलेल्या मोटारीत या चारी गोष्टी एकाच जागी मिळतात. खाण्याला तर काय, मुलांनी सांडलेला बिस्किटांचा चुरा, गादीच्या कापडावरची धूळ, सुकाणूचाकावर राहिलेले तळहाताचे तेल, एवढ्यावर तिचा संसार थाटतो. कापड ओले राहिले तर दिवसा-दोन दिवसांत ती मूळ धरते. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज इस्पितळात अलेक्झांडर फ्लेमिंगच्या बशीत अशीच एक बुरशी आपणहून येऊन बसली आणि जगाला पेनिसिलिन मिळाले. आमच्या मोटारीतल्या बुरशीने जगाला काही दिले नाही. तिने आमच्या सासूबाईंना खोकला दिला.

सासूबाईंचे वय ७६ आणि दमा जुना. दर महिन्याला त्यांना जळगावच्या डॉक्टरांकडे न्यावे लागते. त्यांची जागा ठरलेली: पुढे, डाव्या बाजूला, मांडीवर पिशवी. श्रावणात असे होऊ लागले की घरून निघताना त्या ठणठणीत असत, नेरी येईपर्यंत खोकला सुरू होई आणि जळगावला त्यांना हाताला धरून उतरवावे लागे. डॉक्टरांनी छाती तपासली, औषध वाढवले, आणि मग एक साधा प्रश्न विचारला, "आजी, जास्त त्रास कुठे होतो? घरी की बाहेर?"

"गाडीत," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टर आमच्याकडे वळले. म्हणाले, दमेकऱ्याला बुरशीचे कण फार बाधतात. औषधाआधी गाडी बघा.

घरी आल्यावर सासूबाईंनी निकाल दिला, "मी त्या डबीत पुन्हा बसायची नाही." तसे म्हटले तर एस.टी. होतीच. पण रावेरला त्यांचा धाकटा भाऊ दोन वर्षे अंथरुणाला खिळून आहे. पूर्वी भाऊबीजेला तो यायचा. आता या जातात. दोन एस.टी. बदलत, गर्दीत उभे राहत तिथवर जाण्याची ताकद त्यांच्यात उरलेली नाही. मोटार नाही तर भाऊबीज नाही, असा तो हिशेब होता. त्या काही बोलल्या नाहीत, पण भावासाठी आणलेले धोतर त्यांनी पुन्हा ट्रंकेत ठेवले, ते मी पाहिले.

मग उपाय सुरू झाले. आपल्या समाजात वैद्यांना तोटा नाही. शेजारच्या काकूंनी कापूर ठेवायला सांगितले. महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्याने कोळशाची पुरचुंडी सुचवली; दुसऱ्याने अर्धे कापलेले लिंबू. आमच्या यजमानांनी जळगावहून चमेलीच्या सुगंधाची एक बाटली आणून आरशाला टांगली. परिणाम असा झाला की मोटारीचे दार उघडले की आधी चमेली यायची आणि तिच्या मागून, पदर धरून, कुबट वास यायचा. मला तर लग्नातल्या करवलीची आठवण झाली.

झाकण्याचा हा मोह माणसाला फार जुना आहे. आमच्यापासून जवळच अजिंठ्याची चित्रे आहेत. १९२० नंतर निजाम सरकारने ती जतन करण्यासाठी इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारे पोपडे जागच्या जागी पक्के केले, ते काम मोलाचे झाले. पण चित्रांवर लाखेचे रोगणही चढवले. सुरुवातीला रंग झळाळले. पुढे तेच रोगण पिवळे पडले, त्याला धूळ चिकटली, आणि ते अलगद काढण्यात पुरातत्त्व खात्याच्या माणसांची वर्षानुवर्षे गेली. तिथे तर हेतू उत्तम आणि हात जाणत्यांचे होते. आमच्या चमेलीच्या बाटलीची काय कथा!

शेवटी सासूबाईच बोलल्या. ओटीवर बसून त्या आमची ही धावपळ पाहत होत्या. मुलाला म्हणाल्या, "अरे, लोणच्याला बुरशी आली तर बरणीला अत्तर लावतोस का? ओला चमचा कोण घालतंय ते आधी शोध."

एम.ए.ला मी साहित्यशास्त्र शिकले, पण इतके नेमके वाक्य मला त्या पुस्तकांत भेटलेले नाही.

ओला चमचा शोधायला बसस्टँडजवळचे मिस्त्री आले. त्यांनी मोटारीत नाक घातले, पायाखालची सतरंजी उचलली आणि खालच्या नमद्यावर तळहात दाबला. बोटांमधून पाणी वर आले. डावीकडे, पुढच्या जागेखाली. म्हणजे नेमके सासूबाईंच्या पायाखाली. "ताई, वरून कोरडी आहे, पण गाडीचं पोट ओलं आहे," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी बॉनेट उघडले. समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या मुळाजवळ एक काळी जाळी असते. काचेवरून ओघळणारे पाणी तिच्यातून खाली जाऊन दोन्ही बाजूंच्या भोकांनी बाहेर पडायचे असते. ती भोके कडूलिंबाच्या बारीक पानांनी आणि काड्यांनी गच्च बुजली होती. साचलेले पाणी चढत-चढत पंख्याच्या तोंडाशी पोहोचे आणि तिथून आत उतरे. ज्या झाडाला आपण घरचा वैद्य मानतो, त्यानेच हा रोग दिला होता!

मिस्त्रींनी तारेने भोके मोकळी केली, वरून बादलीभर पाणी ओतले, ते चाकांमागून भळाभळा गेलेले दाखवले. मग एसीच्या पाण्याची नळी पाहिली. तिच्या तोंडाशी एका कुंभारमाशीने मातीचे घर बांधायला घेतले होते. दारांच्या खालच्या कडेला भोके असतात, तीही टोकरली. एवढे झाल्यावर ते म्हणाले, "आता धुवायचं तर धुवा. आधी धुतलं असतं तर वाया गेलं असतं."

नवरात्राआधीची घरसफाई तोंडावर आलीच होती. गोधड्यांबरोबर मोटारही निघाली. चार-चार बोल्ट काढून पुढच्या गाद्या अंगणात मांडल्या; सतरंजी आणि नमदा दोरीवर गेले. सासूबाईंना त्या दिवशी शेजारी बसवले, कारण बुरशी झाडताना तिचे कण उडतात. आम्ही नाकाला फडकी बांधून आधी कोरडा ब्रश, मग साबणाचे पाणी, मग निम्मे पाणी घातलेले पांढरे व्हिनेगर, असे पुसत गेलो. (ब्लीचिंगचे पाणी कुणी सुचवले तर ते व्हिनेगरमध्ये कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.) एसीचा फिल्टर काळा पडला होता, तो बदलला. नमद्याला मात्र उन्हाचे पुरते तीन दिवस लागले. वरून तो पहिल्याच संध्याकाळी वाळला होता. पण कापूस घेणारा व्यापारी जसा गासडीत खोल हात घालतो, तसा सासूबाई रोज त्यात हात घालून बघत आणि मान हलवत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मान हलवली नाही.

मराठीत दोन जुळ्या बहिणींसारखे शब्द आहेत: ओल आणि ओलावा. वर्गात मी मुलांना सांगते की ओलावा मायेचा असतो आणि ओल भिंतीला येते. पण वर्गात शेतकऱ्यांचीही मुले असतात. ती म्हणतात, बाई, पेरणीला तर ओलच लागते! त्यांचे खरेच आहे. जमिनीत असली की तिची सगळे वाट पाहतात. गंजीत, पेवात, गादीत शिरली की तीच कापूस पिवळा पाडते आणि ज्वारी काळी करते. ओल वाईट नसते. तिला बाहेर जायची वाट लागते.

ती वाट आता आम्ही मोकळी ठेवतो. मुक्काम यायच्या थोडे आधी एसी बंद करून नुसता पंखा चालवतो, म्हणजे आतले पाणी वाळते. दुपारी ऊन असले की काचा बोटभर खाली ठेवतो. पावसाळ्यात दर रविवारी जाळीतला पाला काढायचा, हे काम यजमानांकडे आहे. चमेलीची बाटली कुणी फेकली ते मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही.

भाऊबीजेला आम्ही रावेरला गेलो. सासूबाई पुढेच, डाव्या बाजूला बसल्या, मांडीवर पिशवी आणि पिशवीत धोतर. नेरी गेली, जळगाव गेले, तापीचा पूल गेला. मी मागे बसून कान देऊन होते. त्या खोकल्या नाहीत. भुसावळपासून तर त्यांनी बोलण्यात कुणाला जागाच दिली नाही. आणि आता रविवारी सकाळी बॉनेट उघडल्याचा आवाज आला की ओटीवरून प्रश्न येतो, "काय रे, चमचा पुसला का?"