बदल अर्ज

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधल्या काळात तीन-चार जणांनी "गावाकडच्या त्या अभ्यासिकेचं पुढे काय झालं?" असं विचारलं. मोठ्या आत्याने तर फोनवर विचारलं, तेही जरा खोचकपणे. बरोबरच आहे तिचं. दहा लाख मिळणार म्हणून सगळ्या नातेवाइकांना आधी मीच सांगून बसलो होतो. तर ते दहा लाख मिळाले नाहीत. का मिळाले नाहीत ते आज सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आमचं गाव तेरखेडा, तालुका वाशी. (वाशी म्हटलं की लोक "म्हणजे नवी मुंबईत?" विचारतात. नाही हो, ही आमची धाराशिव जिल्ह्यातली वाशी.) सोलापूर-धुळे हायवेने येरमाळा मागे टाकून बीडच्या दिशेने निघालात की रस्त्याच्या कडेला फटाक्यांची दुकानं लागतात, तेच आमचं गाव. दिवाळीला तुम्ही जो आवाज करता त्यातला बराचसा आमच्याकडचा असतो :-) कारखान्यात आग लागल्याची, स्फोट झाल्याची बातमीही अधूनमधून पेपरात येते, आणि आली की पुण्यात बसून पोटात गोळा येतो. गावातल्या कितीतरी घरांचं पोट याच धंद्यावर आहे. आणि त्यातल्या बऱ्याच घरांत दहावीच्या पोराने पुस्तक उघडून बसावं एवढी मोकळी जागा नाही. म्हणून अभ्यासिका.

अभ्यासिका आमच्या आप्पांच्या मंडळाची. मंडळाचा जन्म भूकंपातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या जिल्ह्यात लोहारा आणि उमरगा तालुक्यांना सगळ्यात जास्त फटका बसला. आप्पा आणि त्यांचे मित्र टेम्पोत भाकरी आणि चादरी भरून सास्तूरला गेले होते. परत आल्यावर त्या सात जणांनी ठरवलं की आपलं काहीतरी कायमचं असावं, आणि १९९४ साली मंडळ नोंदवलं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था म्हणून आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली न्यास म्हणून. महाराष्ट्रात अशी दोन्हीकडे नोंद करावी लागते. प्रमाणपत्र लॅमिनेट करून अभ्यासिकेच्या भिंतीवर लावलेलं आहे, मी लहानपणापासून बघत आलोय. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, चार बाकं, एक कपाट. दरवर्षी दिवाळीच्या सीझननंतर दुकानदारांकडून वर्गणी गोळा व्हायची, त्यात वर्षभराचं लाइट बिल आणि स्पर्धा परीक्षेची मासिकं भागायची. एवढंच.

आता दहा लाखांकडे येतो. कंपनी कायदा २०१३ चा, आणि सीएसआरची तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. मोठ्या नफ्याच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची. २०२२-२३ या एका वर्षात देशभरात हा आकडा ३० हजार कोटींच्या जवळ गेला. त्यात आपला जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत. (मागास म्हणायचं नाही म्हणून आकांक्षित. असो.) २०२२ च्या दिवाळीत आमच्याच ऑफिसात सीएसआर बघणारा एक मित्र म्हणाला, "तुमच्या भागातलं काहीतरी दे ना, अभ्यासिका वगैरे चालेल. दहापर्यंत जाऊ शकतं, फक्त ३१ मार्चच्या आत सगळं व्हायला पाहिजे."

मी चार रात्री जागून प्रपोजल लिहिलं. त्याआधी "संस्थांसाठी निधी उभारणी" अशा नावाच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणालाही जाऊन आलो होतो. जेवण चांगलं होतं. तिथे बेसलाइन, आउटपुट आणि आउटकम यांतला फरक शिकलो, त्यामुळे प्रपोजल अगदी चकाचक झालं. सोलर, कॉम्प्युटर, ग्रंथपालाचा पगार, तीन वर्षांत किती मुलं कुठे पोचतील त्याचा तक्ता. मित्राने ते वाचलंसुद्धा नाही. त्याने एक यादी पाठवली. विश्वस्तांच्या नावांसह सार्वजनिक न्यास नोंदवहीचा उतारा. मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट. पॅन. आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी. आणि २०२१ पासून आलेला सीएसआर-१ फॉर्मचा नंबर, जो १२ए-८०जी शिवाय मिळतच नाही.

आमच्याकडे यातलं काय होतं? भिंतीवरचं लॅमिनेशन.

उतारा काढून आणला. त्यावर सात विश्वस्त, १९९४ चे तेच सात. त्यातले तीन वारलेले, एक मुलाकडे पुण्याला कायमचे गेलेले. कागदावर मात्र सगळे आपापल्या पदावर कार्यरत. आप्पा २०१६ साली गेले, ते अजून सचिव! आपल्या जिल्ह्याने २०२३ साली स्वतःचं नाव बदललं, आमच्या मंडळाला गेलेल्या माणसांची नावंसुद्धा बदलता आली नव्हती. कायदा साधा आहे : कलम २२, विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज वेगळा. जितके बदल तितके अर्ज. प्रत्येकाला सभेची नोटीस, ठराव, नव्या माणसाचं संमतीपत्र, मेलेल्या माणसाचा मृत्यूचा दाखला. मार्च गाठायचं नाव सोडा. मित्र म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कंपनीत गेला.

इथपर्यंतची गोष्ट मी बऱ्याच लोकांना सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी शेवटी "सिस्टिमच अशी आहे" म्हणून मोकळा झालोय. पण ते तितकंसं खरं नाही. आप्पांचा दाखला माझ्याकडे होताच की. बँकेसाठी, विम्यासाठी, शेतासाठी बारा प्रती काढल्या होत्या. सातबाऱ्यावरची वारसनोंद तीन महिन्यांत करून घेतली, तलाठ्याकडे चार चकरा मारून. मंडळासाठी तेराव्या प्रतीची आठवण मला सहा वर्षांत झाली नाही. दहा लाखांचं नाव निघाल्यावर झाली.

पुढचं सगळं वहिनीमुळे झालं. चुलतभावाची बायको. दहावीनंतर लग्न झालं, बचत गटात पंधरा वर्षं आहे, गटाचं दप्तर तिच्याकडे. मी तिच्यासमोर लॅपटॉप उघडून कुठे काय अडलंय ते सांगायला लागलो, तर म्हणाली, "भाऊजी, ते ऱ्हाऊ द्या. वही दावा आधी."

कुठली वही?

"मंडळाची. जमा-खर्चाची. आप्पा लिहायचे की."

कपाटाच्या खालच्या खणात सापडल्या. एकवीस वह्या. सुरुवातीच्या लाल कापडी बांधणीच्या, नंतरच्या साध्या शंभरपानी. दर महिन्याला जमा, खर्च, शिल्लक. दुकानदाराचं नाव, वर्गणी, पावती नंबर. लाइट बिलं टाचणीने टोचलेली, टाचण्या गंजून कागदावर तांबडे डाग पडलेले. एका ठिकाणी 'उंदीर औषध रु. १२', आणि खाली 'उपयोग झाला नाही'. २००८-०९ पर्यंतचं ऑडिट झालेलं होतं, मग सीएची फी परवडेना म्हणून थांबलेलं. पण लिहिणं थांबलं नव्हतं, २०१५ च्या डिसेंबरपर्यंत. पुढची पानं कोरी.

वहिनी दोन दुपारी त्या वह्या घेऊन बसली. बचत गटांत एक पंचसूत्री असते : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. ती नुसती पाठ करून भागत नाही. तीन महिने पाळून दाखवली की मग उमेदकडून फिरता निधी मिळतो, त्यानंतर बँकेचं कर्ज. आणि हे शिकवायला सीआरपी ताई बैठकीला येऊन बसते, एकदा नाही, महिनोन्महिने. २०११ साली उमेद आलं, त्याच्या आधी माविमचे गट होते, त्याच्याही आधी १९९२ मध्ये नाबार्डने देशात पाचशे गट बँकांना जोडायचा प्रयोग केला. तेव्हापासून बायका रजिस्टर लिहिताहेत. आमची पुरुषांची मंडळं मात्र वर्गणी, स्पीकर आणि अहवाल यांतच राहिली. (चुलते रागावतील हे वाचून. रागवा.)

माझ्या मावशीचंही असंच. ती लोहारा तालुक्यातली. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचं काम चाललं, तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेने गावोगावच्या बायकांना तयार केलं, संवाद सहायक म्हणून. घराची दुरुस्ती कशी करायची, सिमेंट किती लागतं, अनुदानाचा हप्ता कधी येतो हे गावाला समजावून सांगायचं काम. मावशी त्यातली एक. पुनर्वसनाचा पैसा केव्हाच आटपला. पण आजही तिच्यासमोर कोणी कागद सरकवला, तर सही करायच्या आधी ती तो वरपासून खालपर्यंत वाचते. ते दोन दिवसांच्या पॉवर पॉइंटने येत नाही, मला तरी आलं नाही.

आणि याला पैसे मात्र कोणी देत नाही बघा. कॉम्प्युटरला देतील, त्यावर कंपनीचं नाव लावता येतं. सीएची फी, धाराशिवला जायचं एसटीचं भाडं, वह्या लिहिणाऱ्या बाईचं मानधन, हे 'प्रशासकीय खर्च' म्हणून कापून काढतात. परदेशी निधीच्या कायद्यात तर २०२० साली दुरुस्ती करून ही मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, आणि मोठ्या संस्थेने आपल्या निधीतून छोट्या संस्थेला देण्याची वाटही बंद केली. आमच्यासारख्या पत्र्याच्या खोल्यांपर्यंत तो पैसा तसाही क्वचितच पोचायचा, पण जो काही पोचायचा तो त्याच वाटेने.

दाखले गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. आप्पांचा होताच. दुसरा एका फोनवर मिळाला. तिसरा आप्पांच्या जिवलग मित्राचा. त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा टाकला, पोरांची चौकशी केली. मी विषय काढला. त्या आत गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. मग एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. पिशवीत रेशन कार्ड, काकांचा फोटो, आणि घडीवर विरत आलेला दाखला. माझ्या हातात न देता म्हणाल्या,

"त्यायचं नाव खोडायलाव व्हय तुमी?"

मी सांगायला लागलो. काकू, खोडायचं नाही, तो एक सरकारी फॉर्म असतो, कमी करणे म्हणतात त्याला... माझं मलाच ऐकवेना. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "आन् भित्तीवरची पाटी?" पाटीवर सातही नावं रंगवलेली आहेत, संस्थापक म्हणून. म्हटलं, ती तशीच राहील. "नवा रंग दिला तरी?" म्हटलं, नव्या रंगावर परत लिहून घेऊ.

मूळ दाखला त्यांनी दिला नाही. "मी येते झेरॉक्सवर," म्हणाल्या. पायांत चप्पल घालून, पिशवी छातीशी धरून माझ्याबरोबर बाजारापर्यंत चालत आल्या. झेरॉक्सवाल्याने कागद काचेवर ठेवला, तेव्हा त्या मशीनला हात लावून उभ्या होत्या. तीन प्रती काढल्या. मी पैसे द्यायला खिशात हात घातला, तर त्यांनी आधीच दहाची नोट पुढे केली होती.

तर आजची परिस्थिती अशी. विलंब माफीसह तीन बदल अर्ज दाखल केले, त्यातले दोन मंजूर झाले, तिसऱ्याची पुढची तारीख पडली आहे. नव्या नावांत वहिनी, गटातल्या आणखी दोघी आणि शाळेतले एक सर. आप्पांच्या वह्यांवरून मागची ऑडिटं एका सीएने निम्म्या फीत करून दिली. त्याला सगळ्यात जास्त आवडली ती उंदराच्या औषधाची नोंद. २०१६ ते २०२२ ची पानं मात्र कोरीच होती. पावती पुस्तकं, बिलं आणि लोकांच्या आठवणी यांवरून वहिनीने ती जमेल तशी जुळवली, आणि जिथे जुळलं नाही तिथे जुळलं नाही असं स्पष्ट लिहिलं. १२ए चा अर्ज तिसरा बदल मंजूर झाल्यावर. पावसात मागची खोली गळते, त्यामुळे बाकं पुढच्या खोलीत आणून ठेवली आहेत.

दर महिन्याच्या एक तारखेला वहिनी ग्रुपवर हिशेब टाकते. या महिन्याचा आला : जमा ९००, खर्च ७८५, शिल्लक २३१५. त्याखाली वेगळ्या ओळीत, "भाऊजी, तुमची दोन महिन्यांची वर्गणी बाकी आहे."