न ऐकू येणारं व्याकरण

फ्रेंच व्याकरणाचा बराचसा भाग कानाला कळतच नाही. ‘बोलणे’ या क्रियापदाची ‘मी’, ‘तू’ आणि ‘ते’ यांच्यासाठीची वर्तमानकाळी रूपं लिहायला तीन, उच्चारायला एकच: ‘पार्ल’. अनेकवचन, स्त्रीलिंग, पुरुष हे सगळं पुष्कळदा शब्दाच्या टोकाला मुकाट बसलेलं असतं. फ्रान्समध्ये श्रुतलेखन हा मोठ्यांचाही छंद झाला, बेर्नार पिव्हो यांनी १९८५ साली सुरू केलेली श्रुतलेखनाची स्पर्धा टीव्हीवर गाजली, यात मला म्हणूनच नवल वाटत नाही.

पुण्यात पदवीच्या मुलांना हेच व्याकरण शिकवताना २०२० साली वर्ग पडद्यावर गेला. त्यानं काही गोष्टी सोप्या केल्या, हे मान्य करायला हवं. नियमाचं स्पष्टीकरण मुलं थांबवून पुन्हा ऐकू लागली. दोन शब्द जोडून होणारा ‘लेझामी’सारखा उच्चार मागच्या बाकावर पंख्याच्या घरघरीत हरवायचा, तो हेडफोनमध्ये स्वच्छ पोचला. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी चॅटमध्ये बारीक शंका विचारू लागली.

पण विचारता येते ती शंका आपल्याला ठाऊक असलेली. ठाऊक नसलेल्या शंकेचं काय?

भूतकाळाचंच घ्या. आपण ‘आंबा खाल्ला’ आणि ‘पोळी खाल्ली’ म्हणतो. क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. फ्रेंचमध्ये ‘आव्हुआर’ हे सहायक क्रियापद लावून होणाऱ्या भूतकाळात ते तसं चालतं, पण कर्म आधी आलं तरच. मराठी मूल कर्म नंतर आलं तरी शेवटी स्त्रीलिंगाचं अक्षर चिकटवून मोकळं होतं. त्याला ते चूक वाटतच नाही, कारण मातृभाषेचा हात पाठीशी असतो. वाचून दाखवलं तरी बहुतेकदा फरक ऐकू येत नाही. श्रुतलेखन घालत बाकांमधून फिरताना मात्र ते अक्षर दोन-तीन वह्यांत दिसतं. मग तिथंच थांबून मराठी वाक्य आणि फ्रेंच वाक्य फळ्यावर शेजारी शेजारी मांडता येतात. ऑनलाइन स्वाध्यायात तेच अक्षर सॉफ्टवेअर परस्पर पुसतं. माझ्यापर्यंत येतं ते निर्दोष उत्तर, आणि मुलाच्या डोक्यातला नियम होता तिथंच राहतो.

म्हणून ऑनलाइन की वर्गात, हा प्रश्न सरसकट विचारू नये. नियम सांगायला पडदा पुरतो, कधी वर्गापेक्षा सरसही ठरतो. लेखनाचा सराव आणि त्यातली दुरुस्ती मात्र वर्गातच व्हावी. आठवड्याला मोजके तास मिळत असतील, तर वर्गातले तास नियम सांगण्यात घालवणं हीच मला खरी उधळपट्टी वाटते.