कारण जाणावे

जळगावच्या केळीच्या गरातील आणि आमच्या गालाच्या आतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा जीवसृष्टीचे एकत्व आम्हांस उमगले. एकपेशीय जीवांपासून माणसाच्या २०६ हाडांपर्यंतचा हा धडा खऱ्या अर्थाने कळला तो वसतिगृहात. धुळे जिल्ह्यातील भिल्ल, पावरा सोबत्यांपैकी कोणाचे सांधे असह्य दुखत. गावी त्यास बाहेरची बाधा म्हणत. तो सिकलसेल होता. हिमोग्लोबिनमधील आनुवंशिक बदलामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजाराची शक्यता २५ टक्के असते. तथागतांनी दुःखाचे कारण जाणण्यास सांगितले. आमच्या धाकट्या भावंडांनी विवाहापूर्वी रक्त तपासून घ्यावे. दैवाला वा सुनेला बोल लावू नये.