पहिली पसंती

वाट पाहण्याचे प्रसंग प्रत्येकाच्या आयुष्यांत येतात. परंतु घरांतील मुलाच्या विद्येचा निर्णय दुसऱ्याच्या हातीं असावा, आणि तो कळण्यास अजून आठ-पंधरा दिवस असावेत, असा योग आला म्हणजे तें वाट पाहणें एकट्या मुलाचें राहात नाहीं. सारें घरच त्यांत गुंतून जातें. २०२५ च्या पावसाळ्यांत आमच्या वाईच्या घरीं असे दिवस आले होते. आमच्या नातीनें बारावीची परीक्षा आणि सामाईक प्रवेशपरीक्षा या दोन्ही चांगल्या रीतीनें पार पाडल्या, स्थापत्य-अभियांत्रिकीकडे जाण्याचा निश्चय केला, आणि मग प्रश्न उरला तो एवढाच कीं, शिकावयास साताऱ्यास जावयाचें कीं पुण्यास.

सातारा वाईपासून सुमारें ३५ किलोमीटर. सकाळच्या एस. टी. नें जाऊन दिवेलागणीस घरीं परत येतां येतें. पुणें सुमारें ९० किलोमीटर. तेथें गेलें म्हणजे राहणेंच आलें. प्रवेशाची रीत अशी कीं, विद्यार्थ्यानें महाविद्यालयांचीं नांवें आपल्या पसंतीच्या क्रमानें संगणकावर भरावयाचीं, आणि गुणानुक्रमें जागा कोठें मिळाली याची यादी पुढें लागावयाची. पहिल्याच फेरींत पहिल्या पसंतीचें महाविद्यालय लाभलें तर तेंच घ्यावें लागतें. म्हणजे पहिल्या ओळींत लिहिलेलें नांव ही नुसती इच्छा नव्हे. तो आपण दिलेला शब्द होय. नातीनें खालचीं सर्व नांवें भरलीं, पहिली ओळ मात्र मोकळी ठेविली आणि म्हणाली, “आजोबा, येथें काय लिहूं तें तुम्ही सांगा.”

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. “दोन दिवसांनीं सांगतों,” असें म्हणून छत्री घेतली आणि घाटाकडे गेलों.

आमची वाई वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. कृष्णेच्या कांठीं घाटांची रांगच आहे: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड आळी. प्रत्येक आळीचा घाट निराळा आणि कृष्णाबाईचा उत्सवही निराळा. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ नदीच्या अगदीं कडेस उभें आहे. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती केलेली असल्यामुळें पुराचें पाणी तिच्यावर आदळून दोहों बाजूंस वांटलें जातें. नात सहा-सात वर्षांची असतांना पुराच्या दिवसांत आम्ही तिला तें दाखवावयास नेत असूं. “आजोबा, भिंत पडत कशी नाहीं?” असें ती दर वेळीं विचारी, आणि आमचें संस्कृताचें ज्ञान त्या प्रश्नास पुरे पडत नसे. स्थापत्याची आवड तिला कोठून लागली हें निराळें सांगावयास नको.

गांवांतल्या राहणीचें सुख कोणतें म्हणाल, तर येथें मनुष्य एकटा पडत नाहीं. सकाळीं घाटावर कोणी दिसला नाहीं, तर दुपारपर्यंत चार जण त्याच्या दारीं चौकशीस येतात. परंतु नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुखणें अवघड झालें कीं साताऱ्याचा वा पुण्याचा रस्ता धरावा लागतो. तरुणांस जोगें काम थोडें. आमच्या आळींत संध्याकाळीं फिरलें असतां कित्येक वाड्यांना कुलुपें दिसतात, आणि ज्यांना नाहींत त्यांच्या ओट्यांवर आमच्याच वयाचीं माणसें बसलेलीं आढळतात.

दुसऱ्या दिवशीं नातीस घेऊन आम्ही पुण्यास गेलों. आमचे धाकटे बंधु कोथरुडास राहतात. स्वारगेटास उतरल्यापासून त्यांच्या घरीं पोंचेपर्यंत जो वेळ गेला, तेवढ्यांत वाईहून साताऱ्यास जाऊन चहा पिऊन झाला असता. बंधूंच्या इमारतींत शेजारच्या बिऱ्हाडाचें नांव त्यांना दोन वर्षांनीं कळलें. पाण्याची टाकी घेऊन मोटार आली कीं नाहीं, ही तेथली सकाळची पहिली चौकशी. आमच्या मनाला ही सामग्री फार सोयीची वाटली, आणि आम्ही ती जमवीत चाललों, हें कबूल केलें पाहिजे.

पण नातीची नजर निराळ्या गोष्टींवर होती. २०२२ सालीं सुरू झालेल्या मेट्रोंतून आम्ही शिवाजीनगरास गेलों आणि तेथील जुनें अभियांत्रिकी महाविद्यालय बाहेरून पाहिलें. सार्वजनिक बांधकामांसाठीं हाताखालचे अधिकारी तयार करावे म्हणून १८५४ सालीं ही शाळा निघाली, आणि २०२२ सालीं तिचें विद्यापीठ झालें. म्हैसूर संस्थानांतून आलेल्या विश्वेश्वरय्यांनीं येथेंच विद्या संपादन केली. नातीचे गुण तेथवर पोंचणारे नव्हते, हें तिला ठाऊक होतें. तरी ती फाटकाशीं बराच वेळ उभी राहिली. नंतर जें महाविद्यालय तिच्या आटोक्यांतलें होतें तेंही आम्हीं पाहिलें. तेथील प्रयोगशाळेंत माती आणि काँक्रीट यांची परीक्षा करण्याचीं यंत्रें होतीं. शिकविणाऱ्या एका बाईंनीं तिला तीं समजावून दिलीं, आणि दोघी अर्धा तास बोलत राहिल्या.

परततांना बसमध्यें आम्हीं विचारलें, “काय आवडलें?” वाटलें, यंत्रें म्हणेल. ती म्हणाली, “आजोबा, आज दिवसभर मला कोणीं विचारलें नाहीं कीं तूं कोणाची नात. काय शिकायचें आहे, एवढेंच विचारलें.”

हें ऐकून आम्हांस क्षणभर वाईट वाटलें. चाळीस वर्षें शाळामास्तरकी करून गांवांत जें नांव मिळविलें, तें तिला सांवलीसारखें उपयोगीं पडेल अशी आमची समजूत. सांवलींत झाड वाढत नाहीं, ही गोष्ट आम्हीं मुलांना निबंधांत अनेकदां लिहावयास लाविली असेल. स्वतःच्या घरीं ती ध्यानांत आली नव्हती.

आणि मग आमचें स्वतःचें एक जुनें प्रकरण आठवलें. १९७६ सालीं आम्ही शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालों. पुण्याच्या महाविद्यालयाचें प्रवेशपत्रक भरून तयार होतें. वडील म्हणाले, “घर कोण पाहील?” त्या प्रश्नांत सक्ती नव्हती, पण आम्ही राहिलों. पहांटे पाठशाळेंत संस्कृत, पुढें अध्यापनाची पदविका, मग शाळा. त्याचा पश्चात्ताप नाहीं. कृष्णेनें आम्हांस कांहीं उणें पडूं दिलें नाहीं. परंतु तें पत्रक आमच्या पेटींत अजून आहे, आणि पश्चात्ताप नसता तर तें इतकीं वर्षें कशास जपून ठेविलें असतें, हेंही खरें.

रात्रीं झोंप आली नाहीं. वाईचा अभिमान मनांत होताच. तोच आमच्यावर उलटला. वाई मोठी कशानें झाली? नारायणशास्त्री मराठे यांनीं येथें १९१६ सालीं प्राज्ञपाठशाळा स्थापिली. त्याच सालीं पुण्यांत जें नवें महाविद्यालय निघालें, तें आज सर परशुरामभाऊ महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध आहे. प्राज्ञपाठशाळेंत १९१७ सालीं विनोबा भावे आश्रमांतून रजा घेऊन वेदान्त शिकावयास आले. खानदेशांतील पिंपळनेरचे लक्ष्मणशास्त्री जोशी बालवयांत घर सोडून येथें आले, तर्कतीर्थ झाले, आणि त्यांच्या हातून धर्मकोश व मराठी विश्वकोश यांचें काम याच गांवीं उभें राहिलें. म्हणजे ज्या वाईचें नांव आम्ही घेतों, ती दुसऱ्यांच्या घरांनीं निरोप दिलेल्या मुलांनीं घडविली. पिंपळनेरच्या त्या घरीं कोणी वडीलधारें “घर कोण पाहील?” म्हणून आडवें पडलें असतें तर? ज्या गांवानें दुसऱ्यांचीं मुलें इतकीं घेतलीं, त्यानें आपलें एक मूल देतांना हिशेब घालावा, हें शोभत नाहीं.

सकाळीं आम्हीं पहिल्या ओळींत पुण्याचें नांव सांगितलें. नातीनें एकदां आमच्याकडे पाहिलें आणि तें भरलें. सूनबाई आंत निघून गेल्या.

परंतु वाचकहो, शब्द दिल्यानें मन लगेच मानतें असें नाहीं. यादी लागेपर्यंतच्या त्या दिवसांत रोज दिवा लावतांना आम्ही देवापाशीं काय मागत होतों? पुण्याची जागा चार गुणांनीं हुकावी, म्हणजे वाईटपणा कोणाकडेच येणार नाहीं! हें आम्हीं कोणास सांगितलें नव्हतें. येथें प्रथमच लिहीत आहों.

अशांत एके दिवशीं एस. टी. स्थानकावर एक गृहस्थ भेटले. कृष्णेच्या खोऱ्यांत वर, डोंगराच्या कुशीला असलेल्या जोर गांवचे. मुलाला वाईच्या महाविद्यालयांत घालावयाचें होतें, पण जाण्यायेण्याची सोय बेताची, म्हणून खोली शोधीत होते. बोलतां बोलतां म्हणाले, “गुरुजी, पोर कधीं घर सोडून राहिला नाहीं. त्याची आई म्हणते, एवढ्या मोठ्या शहरांत त्याचा निभाव कसा लागायचा?”

एवढें मोठें शहर! आमची वाई! आम्हांस हसूं आलें, आणि लगेच तें मावळलें. कोथरुडाविषयीं आम्ही जें घरीं सांगत होतों, तेंच ही माउली वाईविषयीं जोरास बसून म्हणत होती. प्रत्येक शहर कोणाच्या तरी गांवापासून लांब असतें, आणि तें कितपत लांब वाटावें, हें तेथल्या माणसांवर असतें.

जुन्या काळीं परगांवच्या विद्यार्थ्यांस वार लावून जेवण्याची चाल पुण्यांत होती तशी वाईंतही होती. सात दिवसांचीं सात घरें. ते वार बहुधा ठराविक ज्ञातीच्याच मुलांस मिळत. त्या गृहस्थांना आम्हीं माडीवरची खोली दाखविली आणि रविवार व गुरुवार आमच्या घरचे ठरविले. ज्ञातीचा प्रश्न कोणीं काढला नाहीं. सौभाग्यवतींनीं एवढेंच विचारलें, “भाकरी खातो ना?”

यादी लागली. पहिल्या पसंतीचें महाविद्यालय मिळालें. नात ट्रंक भरूं लागली तेव्हां आम्हीं १९७६ चें तें पत्रक पेटींतून काढून तिच्या हातीं दिलें. तिनें वाचलें, कांहीं बोलली नाहीं, आणि तें आपल्या कागदांच्या पिशवींत ठेविलें.

ती पुण्यास गेली. घर मोठें झालें आहे, हें खोटें कशास म्हणा? परंतु गुरुवारीं संध्याकाळीं जोरचा मुलगा जेवावयास येतो. त्यानें पहिल्या महिन्यांत एकदां विचारलें, “गुरुजी, गणपतीच्या देवळाची मागची भिंत पुरांत पडत कशी नाहीं?” आम्ही म्हणालों, “दिवाळीस आमची नात येईल, तिला विचार.”